एप्रिल ते जूनचा दीर्घकालीन अंदाज पाहून खान्देशात मे महिन्यात कापूस लावावा का?

केवळ त्या अंदाजावर लावू नये; आधी विहिरीचे पाणी पाहावे. भारतीय हवामान विभागाच्या उन्हाळी अंदाजात कमाल तापमान सरासरीपेक्षा अधिक राहण्याची शक्यता सांगितलेली असते, परंतु रावेर-यावलमध्ये पारा कोणत्या दिवशी ४५ अंशांपुढे जाईल आणि केळीची पाने फाडणारा उष्ण वारा कधी सुटेल, हे त्यातून कळत नाही. एप्रिलच्या मध्यास येणारा मोसमी पावसाचा अंदाजही चार महिन्यांच्या एकूण पावसाचा, तोही मुख्यतः देशभराचा असतो. मोसमी पाऊस केरळात सरासरी १ जूनला पोहोचतो, आपल्याकडे साधारणतः जूनच्या मध्यास. तोवर ठिबकला पाणी पुरणार नसेल, तर कोवळी रोपे डोळ्यांदेखत करपतात. शिवाय हंगामपूर्व लागवडीमुळे गुलाबी बोंडअळीला लवकर खाद्य मिळते, म्हणून मी जूनपर्यंत थांबण्याचाच आग्रह धरीन.