वाचकांचे प्रश्न : स्क्रोल सॉ आणि त्याची पाती

प्रश्न : ६ मिमी प्लाय आणि सागवानात देवघराची जाळी, नावाच्या पाट्या कापायच्या आहेत. पहिलाच स्क्रोल सॉ (बारीक पाते वर-खाली हलवून नक्षी कापणारे मशीन) घेतो आहे. दुकानदार फक्त मोटारीचे वॉट सांगतात. काय पाहून घ्यावे?
– त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : पाते कसे धरले जाते, ते आधी पाहा. पिनचे (टोकांना आडवी पिन असलेले) पाते बसवायला सोपे, पण त्याची पिन जाण्यासाठी जाळीच्या प्रत्येक घरात ५-६ मिमीचे भोक लागते. नाजूक नक्षीत तेवढी जागाच नसते. बिनपिनचे पाते दीड मिमीच्या भोकातून जाते. म्हणून बिनपिनची ५ इंची पाती धरणारेच मशीन घ्या, यात तडजोड नको. पकड पान्याशिवाय, हाताने सुटणारी असावी. दर घराला पाते सोडून पुन्हा ओवायचे असते. वेग कमी-जास्त करता यायला हवा, मिनिटाला पात्याच्या साधारण ४०० ते १६०० वर-खाली फेऱ्या. १६ इंची (पात्यापासून मागच्या खांबापर्यंत तेवढी जागा असलेले) मशीन घरकामाला पुरते. दुकानातच चालवून पाहा. मशीनचा पाते धरणारा वरचा हात डावी-उजवीकडे डुलत असेल तर ते घेऊ नका.

पाती डझनाने मिळतात. नंबर जितका मोठा, तितके पाते जाड. ६ मिमी प्लायला ३ नंबर, १८-२० मिमी सागाला ५ किंवा ७ नंबर. प्लायला उलट दातांचे पाते घ्या : त्याचे खालचे काही दात वर तोंड करून असतात, त्यामुळे खालच्या थराची कुसळे निघत नाहीत. स्पायरल (पीळ दिलेले, चहूबाजूंनी दात असलेले) पाते सुरुवातीला नको, कडा खडबडीत राहते.

लकडगंजातून (नागपूरच्या लाकूडबाजारातून) साग आणताना नीट वाळलेला मागा. ओली फळी नागपूरच्या उन्हाळ्यात वाकते, टेबलावर डुलते आणि पाते अडकून तुटते.

प्रश्न : रेघेवर सरळ ढकलूनही काप एका बाजूला सरकतो. पाती तुटतात, सागाच्या कडा करपतात.
– महाल, नागपूर

उत्तर : काप सरकणे हा हाताचा दोष नाही. दात पाडताना बहुतेक पात्यांच्या एका बाजूला बारीक कंगोरा उरतो आणि ती बाजू जास्त कापते. टाकाऊ तुकड्यावर काप किती सरकतो ते पाहा आणि लाकूड तेवढे फिरवून धरा. याच कारणाने सरळपट्टी लावून इथे उपयोग होत नाही.

ताण देऊन पाते बोटाने बाजूला दाबा. २-३ मिमीपेक्षा जास्त हलले तर ढिले आहे. सागात सिलिका असते, त्यामुळे दात लवकर बोथट होतात. मग आपण जोर लावतो, कडा करपते आणि पाते तुटते. ढकलावे लागले की लगेच पाते बदला. नक्षीच्या कागदावर पारदर्शक पॅकिंग टेप चिकटवली तर करपणे बरेच कमी होते. सागाची भुकटी फार बारीक असते, मास्क लावूनच कापा.