नवा एलईडी बल्ब गुणगुणतो, डिमर कमी केला की आवाज वाढतो. हे धोक्याचं आहे का?

तुम्ही सांगताय तसा एकसुरी, बारीक आवाज असेल तर आज रात्री खुशाल झोपा. कानाला त्रास आहे, घराला बहुधा नाही. डिमरचं मात्र बघावं लागेल.

उजेड देणारी चकती गप्पच असते. आवाज येतो बल्बच्या बुडाशी दडलेल्या ड्रायव्हरमधून, म्हणजे घरातली वीज एलईडीला चालेल अशी करून देणाऱ्या छोट्या सर्किटमधून. घरातली वीज सेकंदाला 50 वेळा (काही देशांत 60 वेळा) पुढे-मागे होते आणि प्रत्येक फेरीत दोनदा जोर धरते, म्हणून ती घरघर 100 किंवा 120 हर्ट्झची. त्या तालावर कॉइल थरथरते. सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) तर व्होल्टेज बदलेल तसा किंचित फुगतो-आकसतो आणि ज्या सर्किट बोर्डवर बसवलाय त्यालाच स्पीकर करून टाकतो. चांगल्या बल्बात हे भाग रेझिन किंवा सिलिकॉन ओतून घट्ट बसवलेले असतात. स्वस्तातल्या बल्बात काटकसर नेमकी इथेच होते.

आता डिमर. जुने डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेले. ते विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा तुकडा कापतात, त्यामुळे व्होल्टेज हळूहळू न चढता एकदम उसळतं आणि ड्रायव्हरला सेकंदाला शंभर गचके बसतात. शिवाय अशा डिमरला नीट चालायला बऱ्यापैकी लोड लागतो, 9 वॉटच्या एका बल्बने त्याचं भागत नाही. खोक्यावर ‘डिमेबल’ लिहिलेलं नसेल तर तो बल्ब डिमरवरून काढाच, ड्रायव्हर तापून लवकर जाईल. लिहिलेलं असेल तर एलईडीसाठीचा ‘ट्रेलिंग एज’ डिमर (लाटेचा सुरुवातीचा नाही, शेवटचा तुकडा कापणारा) बसवून घ्या, आवाज बराच कमी होतो.

दिवा लावल्यावर किंवा बंद केल्यावर काही मिनिटं टिकटिक झाली तर ते प्लास्टिक आणि धातू तापण्या-निवण्याचं. सोडून द्या.

घाबरायचं ते तडतडीला. मध्येच चर्र, मग शांत, पुन्हा चर्र, आणि सोबत उजेड लुकलुकणं. माझ्याकडे एकदा असं झालं तेव्हा मी आधी बल्बलाच शिव्या घातल्या. दुसरा लावला तरी तडतड तिथेच. मेन स्विच पाडून, बॅटरीच्या उजेडात होल्डरमध्ये डोकावलो तर आतली एक पिन काळी पडून खाली दबलेली, आणि तिच्या भोवतालचं प्लास्टिक करपलेल्या दुधासारखं तपकिरी. पिन बल्बला धड टेकत नव्हती, त्या फटीत ठिणग्या उडत होत्या. आग लागते ती अशाने.

म्हणून पहिली परीक्षा हीच: दिवा बंद करा, निवू द्या आणि बल्बांची अदलाबदल करा. आवाज बल्बाबरोबर दुसरीकडे गेला तर दोष बल्बात, जागेवरच राहिला तर होल्डर, वायरिंग किंवा डिमरमध्ये. जळका वास आला, स्विचची प्लेट हाताला गरम लागली किंवा तडतड ऐकू आली, तर परीक्षाबिरीक्षा राहू द्या, त्या लाइनचा एमसीबी पाडा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मी होल्डर बदलून घेतला. शिव्या खाल्लेला तो बल्ब दुसऱ्या खोलीत अजून निमूटपणे जळतोय.