नेमबाजीचा निकाल कसा वाचावा?

प्रश्न : पॅरिस ऑलिंपिकच्या निकालात सुवर्णविजेते चीनचे लिऊ युकुन यांचे ४६३.६, रौप्यविजेते युक्रेनचे सेरही कुलिश यांचे ४६१.३ आणि आपले कांस्यविजेते स्वप्निल कुसाळे यांचे ४५१.४ गुण आहेत. सुमारे दहा गुणांचा हा फरक पाहता आपला खेळाडू पुष्कळ मागे पडला होता, असे समजावे काय? पात्रता फेरीतही ते सातवे होते, मग पदकापर्यंत कसे पोहोचले?
– एक वाचक, गारगोटी

उत्तर : तसे मुळीच समजू नये. १ ऑगस्ट २०२४ रोजी फ्रान्समधील शातोरू येथे झालेल्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत सर्वांनी सारख्याच गोळ्या झाडल्या नव्हत्या, हे निकालाच्या तक्त्यावरून चटकन ध्यानात येत नाही. गुडघ्यावर बसून १५, पोटावर झोपून १५ आणि उभे राहून १० अशा ४० शॉटनंतर शेवटचे दोन नेमबाज बाद झाले आणि त्यापुढे प्रत्येक शॉटला एकेक जण बाहेर पडत गेला. स्वप्निल यांचा खेळ ४४ व्या शॉटला संपला, तर पहिल्या दोघांनी ४५ वा शॉटही घेतला. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात. त्यामुळे रौप्य आणि कांस्य यांच्यातील ९.९ गुणांचे अंतर एका जादा गोळीला मिळू शकणाऱ्या गुणांपेक्षा मोठे नाही.

दुसऱ्या शंकेचे उत्तर सोपे आहे. पात्रता फेरीत ६० शॉटना पूर्णांकात गुण देतात. तेथे स्वप्निल यांचे ६०० पैकी ५९० झाले, तर भारताचेच दुसरे नेमबाज ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर ५८९ गुणांवर अकरावे राहिले. पहिले आठ जण अंतिम फेरीत जातात आणि तेथे सर्वांची पाटी पुन्हा कोरी होते.

खरी झुंज पाहायची असेल तर शेवटचे चार शॉट पाहावेत. पहिल्या दोन स्थितींनंतर ३१०.१ गुणांवर असलेले स्वप्निल, ज्या उभ्या स्थितीत रायफल स्थिर ठेवणे सर्वांत अवघड असते, तेथेच वर सरकले आणि ४० शॉटअखेर ४११.६ पर्यंत पोहोचले. पुढे १०.५ नंतर ९.४ आला. अशा शॉटने पदक सहज निसटते. ते निसटले नाही, याला आम्ही त्यांच्या कामगिरीतील सर्वांत मोठी गोष्ट मानतो. नंतरच्या ९.९ ने बेरीज ४४१.४ झाली आणि ४४०.७ वर असलेले चेक प्रजासत्ताकाचे यिरी प्रिव्रात्स्की चौथ्या स्थानावर थांबले.

या प्रकारात लक्ष्याचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि गुणाचा दशांश म्हणजे केंद्रापासूनचे ०.८ मिलिमीटर अंतर. त्या हिशेबाने कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या या नेमबाजाचे पदक आणि चौथा क्रमांक यांच्यातील ०.७ गुणांचा फरक ४३ गोळ्या मिळून सुमारे ५.६ मिलिमीटर भरतो, म्हणजे त्याच रायफलीच्या एका गोळीच्या जाडीएवढा.