गाभण डुकरिणीचे आतडे आणि पूरक आहार

प्रश्न : विण्याच्या सुमारास आमच्या डुकरिणींची विष्ठा कोरडी, गोळ्यांसारखी होते आणि पुढे दूधही कमी येते. प्रोबायोटिक (आतड्याला उपयुक्त जिवंत सूक्ष्मजीवांचा पूरक आहार) सुरू करावे का?

उत्तर : करता येईल, पण सुरुवात तेथून करू नये. सुमारे 114 दिवसांच्या गर्भकाळाच्या अखेरीस आतड्यांची हालचाल मंदावते, आणि तुंबलेल्या विष्ठेतील जिवाणूंची विषद्रव्ये रक्तात उतरली, तर ताप, कासदाह आणि दूध आटणे असा त्रास ओढवू शकतो. शिवाय अशा तुंबण्यामुळे वेण लांबल्यास पिल्ले मृत जन्मण्याचा धोका वाढतो. म्हणून आधी गव्हाचा कोंडा किंवा बीटचा चोथा हळूहळू वाढवावा, कारण त्यातील तंतू मोठ्या आतड्यात आंबून तयार होणारी मेदाम्ले आतड्याच्या अस्तराला पोसतात. पाणी मात्र आजच तपासावे : दूध पाजणारी डुकरीण दिवसाला 20 ते 40 लिटर पाणी पिते, आणि पाणी पिण्याच्या निपलमधून (तोटीतून) मिनिटाला 2 लिटरही येत नसेल, तर कोणत्याही पुडीवर पैसे घालवू नयेत. त्यानंतर बॅसिलस (एक प्रकारचे जिवाणू) किंवा यीस्ट असलेले प्रोबायोटिक द्यायचे ठरल्यास ते विण्याच्या काही आठवडे आधीपासून पिल्ले दुधावरून तोडेपर्यंत सलग द्यावे. ते आईला देण्याचे कारण असे, की पिल्लांना पहिले जिवाणू बव्हंशी आईच्या विष्ठेतून व त्वचेवरूनच मिळतात. विल्यानंतर ताप दिसला, तर पशुवैद्यकाला त्याच दिवशी बोलवावे.