वाटी, वंगण आणि डावे-उजवे हाड

प्रश्न : फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाला आहे. फीमर (मांडीचे हाड) किंवा क्लॅव्हिकल (कॉलरबोन) हातात दिले की डावे-उजवे सांगताना गोंधळ उडतो. कधी बरोबर येते, कधी चुकते, आणि का ते कळत नाही.
– विद्यार्थिनी, धनकवडी

उत्तर : ‘कधी बरोबर, कधी चूक’ यातच दुखणे आहे. हाडाची बाजू तीन दिशांवरून निघते : वरचे टोक कोणते, पुढचा भाग कोणता आणि शरीराच्या मध्याकडचा, म्हणजे आतला, कोणता. तिन्हींपैकी एक उलटी धरलीत की उजवे हाड डावे ठरते. दोन उलट्या धरल्यात तर चुका एकमेकींना खोडतात आणि उत्तर बरोबर येते. हे जास्त वाईट, कारण चूक लपून राहते. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘आता शरीरात असते तसे धरून दाखवा’ म्हटले की ती उघडी पडते.

म्हणून बाजू बोलण्याआधी तिन्ही दिशा तोंडाने म्हणा आणि प्रत्येकीची खूण बोटाने दाखवा. फीमरचे गोल डोके वर. दांड्यावरची लांब खडबडीत रेघ, लिनिया अ‍ॅस्पेरा, मागे. डोक्याचा रोख आत. हाड स्वतःच्याच मांडीचे आहे असे समजून धरा. डोके तुमच्या डाव्या हाताकडे वळले तर ते उजवे फीमर. बरेच जण ते समोर बसलेल्या माणसाचे समजून धरतात आणि तिथेच फसतात. शिवाय फीमर काठीसारखे सरळ उभे करू नका. खालच्या टोकाचे दोन्ही गोलसर उंचवटे (कॉन्डाइल) टेबलावर सपाट टेकवा, दांडा आपोआप बाहेर कलेल. शरीरात तो तसाच तिरका असतो.

क्लॅव्हिकल याहून अवघड. चपटे टोक खांद्याकडे, जाड टोक छातीकडे, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला. इथवर सगळ्यांना पाठ असते. तिसरी खूण राहून जाते : दांड्याच्या खालच्या अंगाला मधोमध एक उथळ खाच असते. ती बोटाने शोधली नाही तर तेच हाड दोन्ही खांद्यांना बसते. फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) खालच्या टोकाला गुळगुळीत तिकोनी जागा आत आणि तिच्यामागचा खळगा मागे, एवढे पुरते.

प्रश्न : आईचे वय ६८. ‘गुडघ्यातले वंगण संपले, वाटी बदलावी लागेल’ असे सगळे म्हणतात. एक्स-रेच्या कागदावर ‘गॅप कमी’ लिहिले आहे. नेमके काय बदलतात?
– वाचक, कोथरूड

उत्तर : बोलण्यात रुळलेले हे दोन्ही शब्द दिशाभूल करतात. वाटी म्हणजे गुडघ्यासमोरचे छोटे हाड. ते मांडीच्या पुढच्या स्नायूच्या कंडरेत बसलेले असते आणि पाय वाकवताना मांडीच्या हाडावरच्या खोबणीत सरकते. शरीराचा भार पेलतो तो मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामधला सांधा, आणि शस्त्रक्रिया मुख्यतः त्याचीच असते. दोन्ही हाडांच्या टोकांचा झिजलेला पातळ थर कापतात, त्यावर धातूचे आवरण बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनचा (प्लास्टिकचा) तुकडा ठेवतात. वाटी जागेवरच राहते. काही वेळा तिची फक्त मागची बाजू नवी करतात.

वंगणाचे म्हणाल तर धडधाकट गुडघ्यातही ते चहाच्या चमचाभरापेक्षा कमीच असते. सांधा झिजला की उलट अनेकदा पाणी वाढते आणि गुडघा सुजतो, मात्र ते द्रव पातळ झालेले असते. खरी झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत, लवचिक गादी. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून हाडासारखी ती पुन्हा भरून येत नाही.

कूर्चा एक्स-रेत उमटत नाही. दोन हाडांमध्ये जी काळी फट दिसते ती मुख्यतः तिची जागा, म्हणून ‘गॅप कमी’ याचा अर्थ कूर्चा कमी. पण फोटो उभे राहून काढला आहे का ते आधी बघा. आडवे झोपून काढला तर सांध्यावर भार नसतो आणि फट आहे त्यापेक्षा मोठी दिसते. आणि शस्त्रक्रिया करायची की नाही हे एकट्या फिल्मवरून ठरवू नये. आईंना चालताना, जिना चढताना, रात्री झोपेत किती दुखते, हे डॉक्टरांना नीट सांगा.

प्रश्न : मोठ्या माणसात २०६ हाडे आणि बाळात ३०० च्या आसपास. मग उरलेली जातात कुठे?
– इयत्ता सातवी, हडपसर

उत्तर : जात नाहीत, एकमेकांना जुळतात. कण्यात मणके ३३, पण खालचे ५ जुळून एकच हाड होते आणि त्याखालचे ४ जुळून माकडहाड. म्हणून मोठेपणी कण्यात हाडे २६ मोजतात. तुझ्या मांडीच्या हाडाची टोकेही अजून वेगळी आहेत. मध्ये कूर्चेची चकती असते, तिथेच उंची वाढते. वाढ संपली की चकतीचे हाड बनते. कॉलरबोनचे छातीकडचे टोक सर्वांत शेवटी जुळते, पंचविशीच्या आसपास.

याच खुणांनी जुन्या सांगाड्यांचे वय काढतात. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तिथे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात पुरत असत. अशा हाडांचे वय सांगताना आधी दात आणि मग न जुळलेली टोके बघतात.

घरात तान्हे बाळ असेल तर मोठ्यांना विचारून त्याच्या गुडघ्याला हळूच हात लाव. वाटी आहे, पण ती नुसती कूर्चा आहे. तिच्यात हाड धरायला लागते साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान.