अर्जेंटिना, अर्जुन आणि बिनशिक्क्याची चांदी

एका वाचकाने विचारले आहे: सतराव्या शतकात स्पेनच्या राजाची बंदी मोडून बुएनोस आइरेसमार्गे पोतोसीची (आजच्या बोलिव्हियातल्या खाणीच्या डोंगराची) चांदी बाहेर जात असे, त्याला मराठीत ‘तस्करी’ म्हणणे बरोबर आहे का?

रूढ आहे, म्हणून चालते. मला पटत नाही. तस्कर म्हणजे चोर. रुद्रात ‘तस्कराणां पतये नमः’ म्हटले आहे ते चोरांच्या अधिपतीला. पोतोसीहून खेचरांवर चांदी लादून आणणाऱ्या व्यापाऱ्याने ती रोख माल देऊन घेतलेली असे. त्याने कुणाचे घर फोडले नव्हते, राजाचा हुकूम मोडला होता. स्पॅनिशमध्ये याला ‘कॉन्त्राबान्दो’ म्हणतात, म्हणजे दवंडीच्या विरुद्ध केलेले. आपल्याकडे ‘चोरटा व्यापार’ हा नेमका शब्द होता. चोरी करणे वेगळे आणि चोरून करणे वेगळे, हा फरक ‘चोरटा’ सांभाळतो. बातम्यांतल्या ‘तस्करी’ने तो पुसून टाकला आहे.

पण याच चांदीवरून एक फॉरवर्ड माझ्याकडे दर दोन महिन्यांनी येतो: ‘अर्जेंटिना म्हणजे अर्जुनस्थान, अर्जुन दिग्विजयासाठी तिथवर गेला होता.’ नाही हो, नाही! अर्जुन तिथे गेला नाही, त्याच्या नावाचे भावंड गेले.

चांदीला लॅटिनमध्ये ‘अर्जेंतुम’ (अर्जेंटिना यावरूनच), ग्रीकमध्ये ‘आर्गिरोस’, अवेस्तात ‘अरेझत’ आणि संस्कृतात ‘रजत’. मूळ एकच: लखलखीत पांढरे. ‘अर्जुन’ही त्याच मुळाचा. ऋग्वेदात ‘अहश्च कृष्णमहरर्जुनं च’ आहे, काळा दिवस आणि पांढरा दिवस. अर्जुनसादड्याची पांढरट साल पाहिलेल्याला हे निराळे शिकवावे लागत नाही.

इथे कोशकार ‘रजत’ हा शब्द ‘रञ्ज्’, म्हणजे रंगवणे, या धातूपासून साधतात. उणादिसूत्रांची, म्हणजे शब्द धातूंपासून साधून दाखवणाऱ्या जुन्या संस्कृत सूत्रांची, परंपरा थोर खरी, पण ही व्युत्पत्ती मी मानणार नाही. चांदी कशाने रंगवलेली असते? तैत्तिरीय संहितेत अग्नीचे अश्रू गळाले ते ‘रजतं हिरण्यम्’ झाले, असे आहे. म्हणजे पांढरे सोने! तिथे रजत हे अजून विशेषण आहे, धातूचे नाव झालेले नाही. एवढा ढळढळीत पुरावा असताना रंगाऱ्याकडे जायचे कशाला?

आता खरी गंमत. इटालियन, फ्रेंच यांनी ‘अर्जेंतुम’ ठेवला. स्पॅनिशने टाकला आणि चांदीला ‘प्लाता’ म्हटले, पोर्तुगीजने ‘प्राता’. मूळ अर्थ धातूचा चपटा पत्रा. ग्रीक ‘प्लातिस’ म्हणजे रुंद, पसरट, आणि संस्कृतातला त्याचा सख्खा भाऊ ‘पृथु’. त्यावरून पृथिवी, त्यावरून पृथा, आणि पृथेचा मुलगा पार्थ. नदीचे नाव रिओ दे ला प्लाता, देशाचे अर्जेंटिना: एकात पृथेचे मूळ, दुसऱ्यात अर्जुनाचे. हे मला प्रथम उमगले त्या रात्री झोप लागली नाही.

त्या नदीकाठी चांदीची खाण नाही. 1516 मध्ये स्पेनचा दर्यावर्दी सोलिस याने तिला ‘गोडा समुद्र’ म्हटले होते. दहाएक वर्षांनी स्पेनच्याच चाकरीतल्या सेबास्तियन कॅबट या दर्यावर्द्याच्या माणसांना तिकडच्या लोकांकडे चांदीचे तुकडे दिसले आणि नाव बदलले. ते नाव टिकवले चोरट्या व्यापाराने, हे माझे ठाम मत आहे. पोतोसीचा डोंगर 1545 मध्ये सापडला. तिथली चांदी लिमा, पनामा, पोर्तोबेलो या वाटेनेच सेव्हिलला जावी, हा नियम. लिमाच्या व्यापाऱ्यांचे हित त्यातच होते. बुएनोस आइरेस 1580 मध्ये पुन्हा वसले आणि 1594 मध्ये त्याचा व्यापार राजाने बंद केला. मग पोर्तुगीज जहाजे ‘वादळात सापडलो, आसरा द्या’ म्हणत बंदरात शिरू लागली. अंगोलातून पकडून आणलेले गुलाम आणि ब्राझीलची साखर उतरायची, चांदी चढायची. जप्त केलेले गुलाम लिलावात आणणाऱ्याच्याच साथीदाराने घ्यायचे, की झाले कायदेशीर. चांदी किनाऱ्याकडे येऊ नये म्हणून 1622 मध्ये कोर्दोबाला भर जमिनीवर जकातनाका काढण्याचा हुकूम निघाला. 1680 मध्ये पोर्तुगिजांनी समोरच्याच तीरावर कोलोनिया वसवले. कॅबटच्या वेळी खोटे असलेले नाव या लोकांनी खरे करून दाखवले. त्यांच्याविना ते नकाशावरच्या जुन्या चुकांत जमा झाले असते.

म्हणून कुणी प्लाता नदीचे मराठी ‘रुपेरी नदी’ करू लागले, तर माझी सक्त हरकत आहे. रुपे हे ‘रूप्य’पासून, आणि पाणिनीचे ‘रूपादाहतप्रशंसयोर्यप्’ हे सूत्र सांगते की रूप्य म्हणजे ठसा मारलेले. चांदी वेगळी काढायला मिसळलेला पारा उडवल्यावर उरणारे चांदीचे कच्चे गोळे, स्पॅनिशमध्ये ‘पिन्या’, हा चोरट्या व्यापाराचा लाडका माल होता, कारण राजाचा पाचवा हिस्सा चुकवलेला आणि म्हणून शिक्का नाही. ते रजत होते, रुपे नव्हते. रजतनदी म्हणा.