कायदा, नीती आणि स्वातंत्र्य : आधी प्रश्न वेगळे कर

सप्रेम नमस्कार.

कायद्याने नीतीची सक्ती करावी का, या विषयावरच्या तुझ्या निबंधाचा कच्चा खर्डा वाचला. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल स्वातंत्र्याच्या बाजूचा, विसाव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश पॅट्रिक डेव्हलिन नीतीच्या बाजूचा आणि खरं काय ते मध्ये कुठेतरी, असा त्याचा सांगाडा आहे. तो मोडून टाक. स्वातंत्र्य किती आणि समाज किती, यावर हे विचारवंत क्वचितच भांडतात. कायद्याने माणसाला अडवायचं तर कुठलं कारण मुळात ग्राह्य धरायचं, यावर भांडतात. दुसऱ्याचं नुकसान होतं हे कारण चालेल का? त्याचं स्वतःचं नुकसान होतं, हे चालेल का? लोकांना किळस येते, हे? कोणाचंच काही बिघडत नाही पण कृत्य अनैतिक आहे, हे? प्रत्येक विचारवंताला हे चार प्रश्न विचार आणि उत्तरं ओळीने मांड. अर्धा निबंध तिथेच होईल.

त्याआधी एक गल्लत दूर कर, कारण ती तुझ्या दुसऱ्याच पानावर आहे. इंग्रज कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्टचे दोन वाद प्रसिद्ध आहेत. 1958 मध्ये अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ लॉन फुलरशी झालेला वाद 'कायदा म्हणजे काय' याचा आहे : नाझी राजवटीतला अन्यायी कायदा कायदा म्हणवून घेण्याच्या लायकीचा होता का? डेव्हलिनशी झालेला वाद 'कायद्याने काय करावं' याचा आहे. पहिल्या वादात कायदा आणि नीती वेगळी ठेवणारा माणूस दुसऱ्यात कोणत्याही बाजूला बसू शकतो. 'हार्ट पॉझिटिव्हिस्ट (म्हणजे कायदा आणि नीती वेगळी ठेवणारा) होता म्हणून नीतीची सक्ती नको म्हणाला' हे वाक्य त्यामुळे खोडावंच लागेल.

आता मिल. 1859 च्या 'ऑन लिबर्टी'मधलं एकच वाक्य सगळे उचलतात : दुसऱ्याला होणारी हानी टाळण्यासाठीच सक्ती योग्य, माणसाचं स्वतःचं भलं हे पुरेसं कारण नाही. पण हानी झाली की लगेच बंदी, असं तो म्हणत नाही. स्पर्धापरीक्षेत एक जिंकतो तेव्हा बाकीच्यांचं नुकसान होतंच, तरी समाजाने त्यात पडू नये, हे त्याचंच म्हणणं. हानी दाखवली म्हणजे दार उघडलं. आत जायचं की नाही हा पुढचा हिशेब. त्याची उदाहरणं बारकाईने वाच. धान्याचे व्यापारी गरिबांना उपाशी मारतात, हे छापायला त्याची हरकत नाही; तेच वाक्य व्यापाऱ्याच्या घरासमोर जमलेल्या खवळलेल्या जमावापुढे बोललं तर शिक्षा योग्य. कोसळण्याच्या बेतात असलेल्या पुलावर कोणी पाय ठेवत असेल आणि बजावायला वेळच नसेल, तर त्याला धरून मागे ओढा. धोका नुसता संभवत असेल तर सांगा आणि सोडून द्या. विषाच्या विक्रीबाबत तो बाटलीवर इशारा लावायला सांगतो, विक्रेत्याच्या वहीत गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता, माल किती नि कसला, कशासाठी हवा, हे लिहून घ्यायलाही सांगतो. पण प्रत्येक वेळी डॉक्टरची चिठ्ठी मागू नये म्हणतो, कारण त्याने वैध कामासाठी विष मिळणं महाग आणि कधीकधी अशक्य होईल. म्हणजे बंदी आणि मोकळीक यांच्यामध्ये त्याच्याकडे बरीच साधनं आहेत. तुझ्या खर्ड्यात कायदा म्हणजे फक्त तुरुंग. आणि मिलचं तत्त्व मुलांना लागू नाही, तसंच त्याच्या मते 'मागासलेल्या' समाजांनाही नाही. हा दुसरा अपवाद लाजिरवाणा आहे. तो लपवू नकोस.

खरा कस लागतो तो 1957 नंतरच्या इंग्लंडमध्ये, आणि निबंधाची निम्मी जागा तिथे दे. 1954 मध्ये नेमलेल्या वुल्फेंडन समितीने सप्टेंबर 1957 च्या अहवालात शिफारस केली की प्रौढांनी संमतीने, खाजगीत ठेवलेले समलैंगिक संबंध गुन्हा मानू नयेत. त्याच अहवालाने रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या वेश्यांना मात्र जास्त कडक दंड सुचवला. हे विसंगत वाटेल, पण सूत्र एकच आहे : सार्वजनिक जागेतला उपद्रव कायद्याचा विषय, खाजगी पाप नाही.

डेव्हलिनने 1959 च्या व्याख्यानात यावरच बोट ठेवलं. त्याला सनातनी म्हणून उडवून लावणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. त्याचा युक्तिवाद असा : समान नीतीशिवाय समाज टिकत नाही, समाजाला राजद्रोहापासून स्वतःला वाचवायचा हक्क आहे, तसाच नीतीच्या पडझडीपासूनही, म्हणून अमुक क्षेत्र कायद्याच्या कायमचं बाहेर, अशी रेघ आधीच मारता येत नाही. मात्र जितकं स्वातंत्र्य समाजाच्या अखंडतेशी जुळतं तितकं द्यावं, खाजगीपणा शक्य तितका जपावा, आणि कायद्याने किमान अपेक्षा ठेवावी, कमाल नव्हे, असंही तो सांगतो. शिवाय त्याच्या हातात एक भक्कम प्रश्न आहे : खुनाला किंवा गंभीर मारहाणीला बळीची संमती हा बचाव का होत नाही?

हार्टने 1963 मध्ये उत्तर दिलं. संमतीचा मुद्दा तो माणसाला स्वतःपासून वाचवण्याच्या सक्तीने, म्हणजे पालकत्ववादाने, स्पष्ट करतो. म्हणजे इथे त्याने मिलची साथ सोडली, हे नोंदव. पण त्याचा मुख्य घाव वेगळा आहे. कुठलीतरी समान नीती हवी, हे मान्य. त्यावरून या क्षणीची नीती म्हणजेच समाज, असं ठरत नाही. तसं मानलं तर नीतीतला प्रत्येक बदल हा समाजाचा नाश ठरेल. आणि समाज खरोखर कोसळतो असा दावा असेल, तर तो वस्तुस्थितीचा दावा आहे, पुरावा आणा. जस्टिनियन बादशहाने समलैंगिकतेमुळे भूकंप होतात म्हटलं होतं, त्याहून बरा पुरावा हार्टला दिसत नाही. समाजात रूढ असलेली नीती आणि त्या रूढीचीच परीक्षा घेणारी चिकित्सक नीती, हा त्याने केलेला भेद तुझ्या खर्ड्यात कुठेच नाही. माझ्या मते संपूर्ण वादातलं सर्वांत कामाचं हत्यार हेच.

1966 मध्ये अमेरिकन कायदेतत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वर्किनने या हत्याराला धार लावली. बहुसंख्यांना एखादी गोष्ट अनैतिक वाटते म्हणजे ती नैतिक भूमिका आहेच असं नाही. चार गोष्टी आधी गाळायच्या : पूर्वग्रह, निव्वळ भावनिक किळस, खोट्या माहितीवर उभं केलेलं कारण, आणि 'सगळे म्हणतात म्हणून'. उरेल तेवढीच नीती.

अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्गचे फौजदारी कायद्याच्या नैतिक मर्यादांवरचे 1984 ते 1988 दरम्यानचे चार खंड सगळे वाचू नकोस. त्याची हानीची व्याख्या मात्र पाठ कर : हितसंबंधाला धक्का आणि शिवाय अन्याय, दोन्ही हवं. एकच असेल तर हानी नाही. 'भावना दुखावल्या' या दाव्याला तो 'हानी'त टाकत नाही. त्यासाठी वेगळी कसोटी : त्रास किती तीव्र नि किती वेळ, टाळता आला असता का, आपणहून ओढवून घेतला का, आणि समोरच्याच्या कृतीला काय मोल आहे. बसमधून उतरता न येणाऱ्या प्रवाशासमोर एकेक घृणास्पद प्रकार घडतो, असे 31 प्रसंग त्याने कल्पिले आहेत. ते जेवणानंतर वाचू नकोस.

हे सगळं हेल्मेटसक्तीवर चालवून बघ. पहिलं कारण : चालवणाऱ्याचा जीव वाचतो. त्याला धोका माहीत नसेल तर सौम्य पालकत्ववाद पुरतो, पण तो माहिती देऊन संपतो. जाणूनबुजून डोकं उघडं ठेवणाऱ्याला दंड करायचा तर कडक पालकत्ववाद लागतो, आणि तो मिल देणार नाही. मग विद्यार्थी हमखास दुसरं कारण काढतात : सरकारी इस्पितळाचा खर्च सगळ्यांवर पडतो. हितसंबंधाला धक्का आहे, कबूल. अन्याय कुठला ते दाखव. दाखवलास, तर तेच कारण गिर्यारोहणाला, गोड खाण्याला आणि व्यायाम न करण्याला का लागू नाही, तेही लिही. इथेच बहुतेक निबंध फसतात, कारण 'हानी' हा शब्द गुपचूप ताणला गेला की मिलचं तत्त्व काहीच अडवत नाही. हेल्मेटसक्ती चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. पालकत्ववाद उघडपणे मान्य करून, स्वातंत्र्याची झळ अगदी थोडी आणि फायदा प्राणाचा, असं तिचं समर्थन करणं जास्त प्रामाणिक, इतकंच.

पुढचा खर्डा लिहिण्याआधी हार्टचं 1963 चं 'लॉ, लिबर्टी अँड मोरॅलिटी' हे पुस्तक वाच. शंभर पानांच्या आतलं आहे. मग डेव्हलिनचं मूळ व्याख्यान. क्रम उलटा वाटेल, पण डेव्हलिन वाचताना हार्टने त्याच्यावर कुठे अन्याय केला ते शोधत वाच आणि निदान एक जागा निबंधात दाखव. मिलचे पहिले दोन अध्याय सगळ्यांना माहीत असतात. तू चौथा आणि पाचवा वाच.

कळावे.